मास्तरांनी बेतलेल्या गोळ्या

मास्तरांनी उभं आयुष्य लोकांचे कपडे शिवले आणि प्रत्येक कापडातून वीतभर मागे ठेवलं. आता कंपवाताने हात थरथरत होते, पण सवय शाबूत होती.

दिवसाला चार गोळ्या. सून ठरल्या वेळी हातावर ठेवायची, घोट घेताना बघायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर खूण करायची. महिन्याच्या एकशेवीस खुणा, एकही गाळलेली नाही. तरी मास्तर सकाळी तासभर वेडेवाकडे हलायचे आणि दुपारी लाकडासारखे ताठ. गळणारी लाळ सूनच पुसायची. नणंद आठवड्यातून एकदा येऊन तक्ता वाचायची.

"वहिनी, खुणा काय, बसल्या जागीही करता येतात."

नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "विसरली असशील तर सांगून टाक. उद्या डॉक्टर डोस वाढवणार आहेत."

मागे डोस वाढला तेव्हा मास्तरांना ताटात अळ्या दिसल्या होत्या, आणि ते ताट तिच्याच अंगावर आलं होतं.

दुपारी बटण शोधायला तिने शिलाई मशीनचा खण ओढला. खडूच्या डब्यात अर्ध्या गोळ्यांचा लगदा होता. लाळेने चिकटलेला, वर दोऱ्याचे तुकडे, एक पांढरा केस, मुंग्या. बोट लागलं आणि तिने ते पदराला पुसलं.

"बाबा, हे काय?"

"हळू! साठा आहे. तू खूण करायला वळलीस की गालातून बाहेर. अर्धी कापून गिळायची, अर्धी ठेवायची. आजार वाढला की लागेल. अगं, इतकी वर्षं कापड वाचवलं, एका गिऱ्हाइकाची बाही आखूड आली नाही."

"इथे गिऱ्हाईक तुम्हीच आहात, बाबा!"

दुसऱ्या दिवशी तिने नवरा आणि नणंदेसमोर डबा डॉक्टरांच्या टेबलावर उघडला. डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली.

"मास्तर, ही गोळी पोटात हळूहळू विरघळायला बनवलेली. कापली की औषध एकदम सुटतं, मग पुढचे तास कोरडे. डोस आहे तोच ठेवू."

सून नवऱ्याच्या एका शब्दाची वाट बघत राहिली.

"झाकण लाव आधी," तो म्हणाला, "वास येतोय."

"बाबा पहिल्यापासून काटकसरी," नणंद कौतुकाने म्हणाली.

"गिळल्यावर रोज तोंड तपासायचं. गालात, जिभेखाली," डॉक्टर म्हणाले. "कोण बघणार?"

नणंदेने पर्स उघडली. नवऱ्याने मोबाइल. मास्तरांनी सुनेकडे बोट केलं. बोट थरथरत होतं, नेम चुकला नाही.

संध्याकाळी गोळी देऊन झाल्यावर तिने नवऱ्याला मास्तरांपुढे उभं केलं.

"माझ्या खुणा खोट्या होत्या ना? आता तुम्हीच बघा. बाबा, आ करा."

कवळीच्या कडेला दुपारचा घास अडकला होता. लाळेची तार हनुवटीवरून शर्टावर उतरली. नवऱ्याने तोंड फिरवलं.

"गिळली असेल."

"असेल नको," ती म्हणाली. "बोट घाला."