पाल्याचं कात्रण आणि वहिनीचा हात

घरात कुणाला भाजलं की पाच मिनिटांत पाच वैद्य जमतात. एक तेल आणतो, दुसरा टूथपेस्ट, तिसरा कुठला तरी पाला. शेजारी नळ असतो, तो मात्र कुणाला सुचत नाही!

छकूने वहिनीच्या हातावरचं फडकं सोडलं आणि तिचं डोकंच फिरलं. वाफेच्या इस्त्रीने भाजलेल्या हातावर हिरवा चोथा वाळून बसला होता आणि त्याच्या कडेने पू येत होता. वहिनी तापाने फणफणली होती.

"दादा, हे कुणी लावलं?"

"मीच! चार दिवस रोज ताजा पाला वाटतोय," दादा म्हणाला, तेही अभिमानाने. "तुझंच औषध ना!"

चाळिशी उलटली तरी घरात ती छकूच. प्रयोगशाळेत मात्र ती मोठी शास्त्रज्ञ. भाजलेल्या जखमेत पू करणाऱ्या जंतूंवर झाडपाल्याचा अर्क चालतो का, हे ती नऊ वर्षं तपासत होती. महिन्यापूर्वी पेपरात तिच्या फोटोसह बातमी आली, 'पाला मारतो जखमेतले जंतू!' दादाने ते कात्रण आपल्या लाँड्रीच्या भिंतीवर डकवलं होतं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तो वाचून दाखवत होता.

तिने वहिनीला तडक जळीत विभागात नेलं. पट्टीखोलीतल्या वयस्कर सिस्टर चोथा भिजवून हलक्या हाताने सोडवू लागल्या. वहिनीने ओठ घट्ट मिटले. ते बघून छकूचा तोल सुटला.

"इतकं कसं कळत नाही रे तुला? आम्ही पानं धुतो, वाळवतो, अर्क गाळतो, काचेच्या बशीतल्या जंतूंवर घालून बघतो. माणसाला अजून थेंबही लावलेला नाही! आणि तू कुंपणाचा पाला मातीसकट वाटलास?"

"पेपरात होतं का हे?" दादाचा आवाज चिरकला. "सांग ना, होतं का?"

"नव्हतं," छकू म्हणाली.

"मॅडम, मथळा वाचून तुम्ही पेपरवाल्यांना फोन केलात?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही. सगळे अभिनंदन करत होते..."

"असे हिरवे हात या महिन्यात तीन आले. पाल्यात गुण असेलही, पण बशीला ताप चढत नाही, तिची बोटं आखडत नाहीत. तुम्ही अर्धं सांगता, उरलेलं अर्धं लोक घरी करून बघतात!"

छकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वहिनी, चूक माझी."

"नाही, माझी," दादा पुटपुटला.

"चुकीची वाटणी मागाहून करा," वहिनी कण्हत म्हणाली. "आधी माझा हात वाचवा!"

हात वाचला. करंगळी मात्र वाकडीच राहिली, वहिनीला आता इस्त्री घट्ट धरता येत नाही. छकूने पेपरला खुलासा धाडला. तो आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींत छापून आला! संतापून ती लाँड्रीत गेली, तर कात्रणाच्या जागी दादाने स्वतः लिहिलेला कागद होता. 'भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धरा. स्वच्छ कापडाने झाका. दवाखाना गाठा. दुसरं काही लावू नका.'

"का हो?" असं कुणी विचारलं की वहिनी काही न बोलता करंगळी पुढे करते.

मंडळी, झाडांना दोष देऊ नका, उद्या त्यांच्यातूनच औषध निघेलही. पण बशीपासून जखमेपर्यंतची वाट लांब आहे. ती शास्त्रज्ञांना चालू द्या, आणि किती उरली आहे ते त्यांनी आपल्याला खरं सांगावं. आपल्या माणसाच्या हातावर ती मोजायला जाऊ नका!