बेडकांची बादली

मी एक जुनी जस्ताची बादली आहे. मित्रांनो, माझ्याकडे असे कौतुकाने पाहू नका. हल्ली जो येतो तो कौतुकानेच पाहतो आणि मला त्याचा वीट आला आहे.

एका पत्रे ठोकणाऱ्या कारागिराने मला घडवले. पाणी भरून बूड गळत नाही ना, एवढे पाहिले आणि विकले. माझ्या उद्घाटनाला त्याने कोणाला बोलावले नाही. त्याला काम येत होते.

पुढे बारा वर्षे मी बस आगारात होते. बस धुणारी मावशी मला वापरत असे. आगारासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे तळे. पिवळ्या पोटाचा एक बेडूक फक्त त्याच तळ्यात अंडी घालतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. अंडी घालायच्या दिवसांत हे बेडूक संध्याकाळी आगारामागची टेकडी उतरून रस्ता ओलांडतात. निम्मे चाकांखाली जात. मावशीला ते बघवेना. तिने माझ्यात ओला पाला घातला आणि बेडूक उचलून पलीकडे सोडू लागली.

तिथेच कामाला असलेली तिची जाऊ आधी खूप कुरकुरली. "सगळं आगार हसतंय आपल्याला," म्हणाली. चौथ्या दिवशी मात्र तीच लाल फडके घेऊन रस्त्यात उभी राहिली आणि गाड्या अडवू लागली. सात वर्षे हे चालले. तळ्यात पुन्हा पिल्ले दिसू लागली.

मग शहाण्यांचे लक्ष गेले. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत घातली आणि खालून बेडकांसाठी भुयार काढले. भुयाराचे तोंड जमिनीपासून हातभर उंच.

मावशी त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांना म्हणाली, "साहेब, हा बेडूक चालतो. उडी मारत नाही."

"बेडूक आहे ना? मग मारेल," साहेब म्हणाले. "तोंड खाली घेतलं तर कचरा जातो आत."

बेडकांसाठी भुयार बांधायचे आणि बेडकाला विचारायचे नाही, एवढी अक्कल शिकूनच येत असावी. उद्घाटनाच्या दिवशी भुयारात बेडूक दाखवायला हवा होता. तो कुठून आला? माझ्यातून. साहेबांनी दोन बोटांनी धरून आत ठेवला, फोटो काढला आणि लगेच हात धुतले.

त्यानंतर मला 'ऐतिहासिक ठेवा' ठरवून साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात बसवले. शेजारी पाटी लावली. पाटीवर साहेबांचे नाव माझ्यापेक्षा मोठे आहे.

आज दुपारी मावशी आली. "साहेब, बादली द्या. काल संध्याकाळीच बेडूक उतरलेत. भिंतीपाशी ढीग लागलाय, ऊन लागून मरतायत."

साहेबांनी मान वर केली नाही. "ती आता वापरायची वस्तू नाही, मावशी. अर्ज करा, बघू."

मावशीने साहेबांच्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली उचलली, आतले कागद तिथेच फरशीवर ओतले आणि टोपली काखेत मारून निघून गेली. साहेब कागदांकडे बघत बसले. मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

पण मित्रांनो, टोपली लहान आहे. मावशीचे गुडघे दुखतात. तुम्ही इथे माझी पाटी वाचत उभे आहात, तेवढ्यात भिंतीपाशी आणखी चार बेडूक वाळले असतील. प्रत्येकाच्या घरी एक बादली असतेच. ती घ्या आणि जा.