बद्द

दोराचा तुकडा वीतभर होता, सागवानी पाटीवर आवळून बसवलेला, आणि त्याच्या पोलादी पिळावरून फिरता फिरता अंगठ्याला काहीतरी टोचलं... एक तार तुटलेली होती, केसाएवढी. पिराजीनं अंगठा उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. आत बायको विमला भडंगाला फोडणी देत होती, पोरगा यशराज बॅग भरत होता. थोड्या वेळात तो गोव्याच्या एसटीत बसणार आणि पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा समुद्रातल्या जहाजावर विमान उतरवणार. जहाजावर असले दोर आडवे ताणलेले असतात. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यात अडकला तर विमान थांबतं, नाहीतर — नाहीतरचा विचार पिराजी तिथंच सोडून द्यायचा.

"वापरून काढलेला दोर हाय आबा. तुटायच्या आधीच बदलत्यात," नौदलातल्या त्याच्या विमानतुकडीनं, स्क्वाड्रननं दिलेली ही भेट हातात ठेवताना यशराज म्हणाला होता. बदलत असतील. पण लोखंड कधी सांगून तुटत नाही, हे पिराजीला कुणी शिकवायला नको होतं. कागलच्या एमआयडीसीत, फौंड्रीत, ओतीव लोखंडाची कास्टिंग तपासण्यात त्याची हयात गेली. हातोडीचा एक हलका ठोका — माल चांगला असला तर खण्णकन वाजतो, आत चीर असली, पोकळी असली, तर आवाज बद्द येतो. बायका बाजारात मडकं वाजवून घेतात त्यातलाच प्रकार. शाळेला सुट्टी असली की यशराज यायचा, खोक्यावर बसून मान तिरकी करायचा, डोळे मिटायचा. "आबा, ह्ये बद्द हाय." आणि पोरगं चुकायचं नाही.

काल जेवताना त्यानंच स्क्वाड्रनचा इतिहास सांगायला घेतला. पहिली विमानं आकड्यानं थांबणारी, आबा, तुमच्या जन्माच्या वेळची... मग उभ्यानं उतरणारी आली, त्यांना दोर लागत नव्हता. जुनं जहाज भंगारात गेलं, ती विमानंही गेली, माणसं निवृत्त झाली, स्क्वाड्रनचा नंबर तेवढा राहिला. आता नवं जहाज, नवी विमानं, आणि पुन्हा तोच दोर, तोच आकडा. पोरगं रंगून सांगत होतं, आवाज नुसता खणखणत होता. विमला मध्येच म्हणाली, "उतरताना तरी सावकाश उतर रं बाबा." तो हसला. "उलटं असतंय आई. चाकं टेकली की पूर्ण जोर द्यायचा. आकडा अडकला न्हाय तर परत उडता आलं पायजे की!" आणि मग, भाकरी मोडता मोडता, "नवी विमानं आल्यावर एका साली जरा अडचण झाली, पण ते जाऊ दे..." म्हणून तो पुढं गेला.

अडचण. त्या एका शब्दावर आवाज बद्द आला होता. विमलाला कळलं नाही, तिनं आमटी वाढली. पिराजीचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला.

आता स्टँडकडे जाताना स्कूटर यशराज चालवत होता आणि पिराजी मागे, मांडीवर बॅग धरून. विचारावं? कसली अडचण, कोण होतं त्या विमानात, दोर तुटला का आकडा... विचारलं तर तो सांगेल, खोटं बोलायची सवय नाही त्याला. आणि सांगितलं की ते पुन्हा त्याच्या डोक्यात जागं होईल, ते घेऊन तो वर जाईल, खाली समुद्र आणि त्यात रुमालाएवढं जहाज. तपासनीस असतो तर केव्हाच ठोका मारला असता. पण मी बाप आहे, आणि हा माल परत पाठवता येत नाही. तावडे हॉटेलचा चौक गेला. समोरची पाठ रुंद, ताठ होती. तिच्यावर बोटानं टकटक करावं असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्यानं बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

स्टँडवर एसटी लागलेलीच होती. यशराज वाकून पाया पडला, उभा राहिला, आणि भडंगाची पिशवी घेता घेता सहज विचारावं तसं म्हणाला, "आबा, भ्या वाटतंय व्हय तुम्हास्नी?"

"भ्या? मला?" पिराजीनं असेल नसेल तेवढा जोर लावला. "कशाचं भ्या लेका! बिनघोर जा तू!"

फलाटावरची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. आवाज मोठा आला होता, चांगला मोठा, आणि बद्द. शब्द तोंडातून सुटतानाच त्याला तो ऐकू आला. समोर यशराजची मान किंचित तिरकी झाली होती. डोळे क्षणभर मिटले, उघडले. तो नुसता हसला, पिराजीचा दंड दाबला आणि एसटीत चढला.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी पिराजी स्कूटरची किल्ली मुठीत धरून तिथंच उभा होता. दोर, आकडा, ती अडचण... सकाळपासून उरावर बसलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं होतं, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. समुद्रावर पोरगं एकटं जायला हवं होतं, आता त्याच्याबरोबर माझा आवाजही निघाला होता. त्याला ऐकू आलं नसेल, गाड्यांचा केवढा गोंगाट होता, असं त्यानं मनाला समजावून पाहिलं. पण तो कान मीच तयार केला होता.