स्वच्छ गुडघ्यांचा फोटो

हॉस्पिटलच्या स्कॅनच्या खोलीत पाऊल टाकताच आक्कांनी नाक मुरडलं. एकतीस वर्षं त्यांनी ही खोली सांभाळली होती. आज त्या पेशंट म्हणून आल्या, तर कॅमेऱ्याशेजारी चहाचा कप आणि किरणोत्सर्गी औषधाच्या शिशाच्या डब्यावर कुणाचा तरी मोबाइल.

"आमच्या वेळी इथं पाण्याचा घोट घेतला तरी साहेब बाहेर काढायचे," त्या लेकीला म्हणाल्या.

"आई, तुझी वेळ नंतर. आधी गुडघा."

गुडघा कृत्रिम होता, पाच महिने ठणकत होता. ज्यानं बसवला तो सर्जन म्हणाला होता, "आजी, हे वयाचं दुखणं. फोटोत काही दिसलं तर उघडू. नाहीतर गोळ्या घ्या आणि देवाचं नाव घ्या." गुडघ्याहून आक्कांना ते 'आजी' जास्त ठणकलं होतं.

फोटो म्हणजे साधा नव्हे. उंदराच्या पेशींपासून केलेलं अँटीबॉडी नावाचं प्रथिन, त्याला चिकटवलेलं चिमूटभर किरणोत्सर्गी द्रव्य. शिरेतून दिलं की जिथं जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी जमल्यात तिथं ते जाऊन बसतं, आणि कॅमेऱ्यात ती जागा उजळते.

टेक्निशियन पोरगी फॉर्म घेऊन आली. "हे औषध पूर्वी घेतलंय? नाही." स्वतःच म्हणून तिनं खूणही केली.

"वा! प्रश्न तुझा, उत्तरही तुझंच. मग मला कशाला झोपवलंस?"

"अहो आजी, सगळे नाहीच म्हणतात."

"हा प्रश्न फॉर्मवर मी घातलाय, बाई. एकदा हे औषध घेतलं की शरीर त्याच्यावर डूख धरतं. पुन्हा दिलं तर रक्तातच पकडून लिव्हरकडे हाकलतं. गुडघ्यापर्यंत पोचतच नाही. फोटो कोरा येतो आणि माणूस सडका गुडघा घेऊन घरी जातो. एखाद्याचा तर इथंच श्वास कोंडतो."

तेवढ्यात विभागप्रमुख आले. एके काळी ते आक्कांच्या हाताखाली शिकत होते. कुठलंही काम झटपट आणि अर्धवट, म्हणून आक्कांनी त्यांना 'चटपट' नाव ठेवलं होतं.

"आक्का, अजून लेक्चर? दे गं इंजेक्शन. सही मी करतो."

पोरीनं दंडाला पट्टा बांधला, कापूस फिरवला. आक्का भिंतीकडे बघत होत्या.

"चटपट, इथला फोटो कुठं टाकलास? स्वच्छ गुडघ्यांचा?"

"कुठला?"

"माझा रे! हे औषध पहिल्यांदा आलं, तेव्हा ताडून बघायला साहेबांना निरोगी माणसाचा फोटो हवा होता. सगळे शूरवीर भिंतीला पाठ लावून उभे. मी एकटीनं बाही वर केली आणि..."

सुई कातडीला टेकली होती.

त्यांनी हात मागे ओढला. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं, कुणी हसलं नसतं. पण त्या पोरीला मघापासून मारलेले टोमणे आता एकेक करून त्यांनाच बोचत होते. त्या पोरीनं निदान विचारलं तरी होतं. यांनी मात्र घरून निघताना, फॉर्म बघताना, एवढं भाषण ठोकतानाही स्वतःला विचारलं नव्हतं.

"आग लागो माझ्या शहाणपणाला," त्या म्हणाल्या. "'हो' लिही."

चटपट खदखदून हसले. "वा आक्का! प्रश्न तुमचा, आणि विसरलात तुम्हीच!"

"आणि इंजेक्शन कुणी दिलं होतं रे?"

हसू ओठांवरच विरलं. "मी," ते पुटपुटले.

"शीर सापडेना म्हणून तीनदा टोचलंस. आणि आता सही करायला निघालास!"

रक्त तपासायला गेलं. शरीर काही विसरलं नव्हतं, डूख शाबूत होता. ते औषध दिलं असतं तर कोरा फोटो घेऊन आक्का घरी गेल्या असत्या. मग त्यांच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून, त्यांना किरणोत्सर्गी द्रव्य लावून परत सोडल्या. त्या दिवशी पोरीनं नव्या फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न विचारला आणि पेन उचलून थांबली. आक्कांनीही उत्तरं देताना मुद्दाम वेळ लावला. चहाचा कप मात्र तिथंच होता.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत गुडघा निखाऱ्यासारखा पेटला होता. सर्जननं फोटो खिडकीशी धरला, घसा खाकरला.

"आजी, उघडावा लागेल."

"उघड की," आक्का म्हणाल्या. "आणि देवाचं नाव आता तू घे."