झुंबरचे सहा दात

"बायडे, बाटली कुठंय माझी?" झुंबरने दारातूनच विचारलं.

"कोणती बाटली?"

"दातांची गं! फळीवर ठेवलेली!"

झुंबर पंचवटीतल्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा, चांगली पंचवीस वर्षं. हिरड्या सडल्या आणि दोन महिन्यांपूर्वी वरचे पुढचे सहा दात काढावे लागले, तेव्हा पठ्ठ्याने ते मागून घेऊन बाटलीत घरी आणले होते. आता वर दातच नाहीत, तर क्लॅरनेट टेकवणार कशाला? कवळी पहिल्याच फुंकीला सटकायची. पक्के दात बसवावेत, तर जबड्याला हाड उरलं नव्हतं, आणि तिथं भरायची विकतची हाडाची पूड त्याच्या आवाक्याबाहेरची. पण आज दातांच्या शुभांगी डॉक्टर म्हणाल्या, नवीन पद्धत आलीय. माणसाच्या स्वतःच्याच दातांची पूड करून जबड्यात भरायची, तिथं हाड धरतं. "दात जपून ठेवलेत ना, काका?" एवढं ऐकलं आणि झुंबर सायकल दामटत घरी आला.

बायडाबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

"अवो, दात म्हंजे हाडंच की. जित्या माणसाच्या अस्थी घरात ठेवतं का कोणी? तुमची शुगर लय वाढली, मला धास्ती बसली. परवा आवसंला रामकुंडात सोडून आले. हळदकुंकू वाहून."

तिने वाईट थोडंच चिंतलं होतं! झुंबर तसाच सायकल वळवून दवाखान्यात गेला.

"बाई, मग खालचे काढा. त्यांची पूड करा."

"काका, धडधाकट दात कसे काढू?"

"कमरंचं हाड घ्या."

"तुमची शुगर बघता नाही जमणार हो." त्यांनाही वाईट वाटत होतं, पण त्या तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको रामकुंडावर गेले. झिपरू नावाचा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, राखेतून सोन्याचा कण मिळतो का म्हणून घमेल्यात गाळ धूत होता. बायडाबाईने त्याला सगळं सांगितलं.

"मावशी, हितं अख्ख्या मुलखाचे दात हायेत," झिपरू हसला. "तुमचे कसे वळखू?" तरी त्याने घमेल्यातले तीन दात वेचून झुंबरच्या हातावर ठेवले. "घ्या. दात ते दात."

"द्या की हेच," बायडाबाई कुजबुजली. "डॉक्टरला काय कळतंय?"

झुंबरला मोह झाला, खोटं कशाला बोला! वरातीपुढं क्लॅरनेट घेऊन चालायचं, एवढंच तर मागत होता बिचारा. त्याने दात बोटाने उलटे केले. एक पार झिजलेला होता, मिश्रीने काळा पडलेला.

"कुणाची तरी आई आसंल गं ही," तो म्हणाला.

तो पाण्यात उतरला. ओंजळ पाण्याखाली नेऊन त्याने हळूच उघडली आणि हात जोडले. तिथं ज्याच्या अस्थी, त्याचं नाव घ्यायची रीत आहे. त्याला दुसरं कुठलं नाव ठाऊक नव्हतं. त्याने स्वतःचंच घेतलं.