लाल गाडीची खांदेमळणी

मिरजगावच्या रंगनाथनानांच्या गोठ्यात सात वर्षं बैल नव्हते, गाडी होती. गाडी म्हणजे लग्नाला जायची, माणसं कोंबायची तसली नव्हे. दोन दारं, दोनच माणसांना जागा, आणि जमिनीला इतकी लागून की आत बसायचं म्हणजे हौदात उतरायचं. रंग लाल. नानांचा एकुलता मुलगा करण चाकणच्या कारखान्यात पाच वर्षं काढून परत आला, हायवेला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, आणि पुण्यातल्या कुणा हौशी डॉक्टरच्या अंगणात सडत पडलेली ही जपानी गाडी टेम्पोवर घालून घरी घेऊन आला.

नेमक्या त्याच महिन्यात नानांनी आपली बैलजोडी घोडेगावच्या बाजारात विकली होती. औताला ट्रॅक्टर आला होता, वैरण काढायला माणूस मिळत नव्हता आणि गुडघे साथ देत नव्हते. बैल त्यांनी आपल्याच हातानं विकले, त्याचा दोष कुणाला द्यायचा? पण आठ दिवसांत पोरानं गव्हाण फोडली, गोठ्याला कोबा केला आणि तिथं गाडी उभी केली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. गोठ्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं, आणि ठरवलेलं पाळण्यात नानांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

बापलेकांत भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटलंही असतं. 'जेवलास का', 'डेअरीत दूध घातलं का', एवढ्यावर सात वर्षं निघाली.

इकडे गोठ्यात दर रविवारी करण आणि त्याचा दोस्त बिभीषण त्या गाडीच्या पोटात शिरलेले असायचे. बिभीषणाचं स्टँडमागं ट्रॅक्टरचं गॅरेज. दोघं शाळेपासूनचे. करणला पुस्तकातलं सगळं ठाऊक, पण गंजलेला नट कसा गोडीनं सोडवायचा ते बिभीषणाच्या मनगटाला ठाऊक. दोघांनी इंजिन दोनदा खोललं, स्प्रिंगा बदलून गाडी आणखी दोन बोटं खाली बसवली, सायलेन्सर असा लावला की गाडी सुरू झाली की शेजारची म्हैस दूध चोरायची. एकेक पार्ट परदेशातून यायला तीन-तीन महिने लागायचे आणि तो आला की करण तो पार्ट उशाशी घेऊन झोपायचा, असं साळूबाई, म्हणजे त्याची आई, हसत सांगायची. करण निळे रबरी हातमोजे घालून काम करायचा, बिभीषण उघड्या हातानं. या कामाचं बिभीषणानं कधी काही मागितलं नाही. काम झालं की करणशेजारी बसून मांदळीपर्यंत एक चक्कर, एवढीच त्याची मजुरी.

यंदा पोळ्याच्या आधी तीन दिवस दोघांनी गाडीला चाकाबरोबर फिरणाऱ्या मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमटीत धरून थांबवणारे नवे ब्रेकपॅड बसवले. शेवटचं काम उरलं होतं ब्रेकच्या नळीतली हवा काढायचं. त्याला दोन माणसं लागतात, एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाजवळ नट सैल करून हवा सोडायची. पण बिभीषणाला कुणाचा तरी ट्रॅक्टर रानात अडकला म्हणून बोलावणं आलं आणि तो गेला. करणनं अंगणात नजर टाकली. अंगणात नानांशिवाय कुणी नव्हतं.

"नाना, जरा पाय द्याल का?" करण म्हणाला.

सात वर्षांत पोरानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. नाना उठले, गोठ्यात शिरले, आणि धोतर सावरत त्या हौदात उतरले. करण म्हणायचा दाबा, नाना दाबायचे. धरा म्हटलं की धरायचे, सोडा म्हटलं की सोडायचे. चार चाकं होईपर्यंत तास गेला. बैलाला शिकवताना आपणही असंच एकेक शब्द बोलायचो, हे नानांना आठवलं आणि त्यांना आतून बरं वाटलं. उतरल्यावर त्यांनी विचारलं, एवढी वाऱ्यासारखी पळणारी वस्तू थांबते कशी? करणनं चाकाच्या आऱ्यांमधून आत चमकणारी डिस्क दाखवली आणि म्हणाला, गाडी कितीबी पळू द्या, सगळा भार शेवटी हितं येतो. नानांनी मान डोलावली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं त्याला तूप-हळद चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाच्या कानात आवतण द्यायचं. सात पोळे नानांनी या वेळी घरात तोंड लपवून काढले होते. यंदा शेजारच्या काकासाहेबांच्या गोठ्यातून घुंगरांचा आवाज आला आणि त्यांनी साळूबाईकडं वाटीभर तूप मागितलं, हळद कालवून. ती बघतच राहिली, पण तिनं दिलं.

करण दुकानात होता. नाना गोठ्यात गेले आणि वाटी घेऊन गाडीसमोर उभे राहिले. लावायचं कुठं? बोनेट दिसायला छान, पण तिथं कसला भार येतो? मग त्यांना करणचं बोलणं आठवलं. ते खाली बसले, आऱ्यांमधून हात घातला आणि त्या थंडगार चकचकीत चकतीला दोन्ही अंगांनी मायेनं तूप-हळद चोळली. चारी चाकांना चोळली. पोराला गाडीवर डाग खपत नाही हे ठाऊक असल्यानं बाहेरच्या आऱ्या उपरण्यानं लख्ख पुसून काढल्या. मग इकडं-तिकडं बघून आरशापाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "उद्या जेवाय या."

करणला सांगावं असं त्यांना वाटलं होतं. पण पोरगं हसेल म्हणून लाजले. लाज कुठं धरावी हे माणसाला कळत नाही ते असं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच करणनं गाडी काढली. नव्या पॅडना जागा धरायला वेळ लागतो, मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा दाबून ब्रेक मारावा लागतो, ते करायला तो निघाला होता. दारातच ब्रेक सपक लागला. नवा आहे, बसेल, असं तो मनाशी म्हणाला. अडाणी माणूस असता तर तिथंच घाबरून उतरला असता, करणला सगळं ठाऊक होतं म्हणून तो पुढं गेला. ओढ्याच्या वळणावर माणसं बैल धुवायला घेऊन चालली होती. करणनं पाय दाबला, गाडी थांबेना. बैल वाचवायला त्यानं चाक फिरवलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर जाऊन बसली.

नाना पळत पोचले तेव्हा करण दगडावर बसला होता. उजवं मनगट लोंबत होतं. लोकांची तोंडं सुटली होती, सणासुदीच्या दिवशी कसली ही मस्ती, आज कुणाचा बैल गेला असता तर. करण कुणाकडं बघत नव्हता. गाडीचं नाक आत चेपलं होतं, खालची चौकट वाकली होती. सात वर्षांचे सगळे रविवार तिथं कठड्याला चिकटले होते.

"नाना," तो म्हणाला, "ब्रेक लागलाच न्हाई."

काकासाहेबांच्या मुलानं करणला दवाखान्यात नेलं आणि प्लास्टर घालून परत पुलावर आणलं. दुपारी नगरहून क्रेन आली, तिच्याबरोबर मोटारींचा एक जुना मिस्त्री. ब्रेक का लागला नाही ते कळल्याशिवाय करण गाडी हलवू देईना, म्हणून तिथंच पुढचं चाक उतरवलं. मिस्त्रीनं पॅड काढला, बोट फिरवलं आणि म्हणाला, ह्याला चिकट लागलंय, कुणीतरी ग्रीसचा हात न पुसताच पॅड बसवलेत. बिभीषण सकाळपासून तिथंच होता. उतरवलेलं चाक तो बाजूला ठेवत होता. ठेवताना क्षणभर थांबला, बोट पँटला पुसलं आणि सरळ उभा राहिला.

नानांनी आपल्या हाताकडं पाहिलं. नखांत हळद होती. त्यांनी मूठ मिटली.

"मी मोजे घातलेवते," करण बिभीषणाला म्हणाला. "तू न्हाई."

"हात पुसलेवते मी, करण. तुझ्यासमोर पुसले."

"मग ग्रीस काय आभाळातनं पडलं?"

बिभीषणानं नानांकडं पाहिलं. नाना कठड्याकडं बघत होते. करण म्हणाला, पुन्हा माझ्या दारात येऊ नको. बिभीषण गेला. तेव्हा बोलायला एक वाक्य पुरलं असतं. नानांनी ते तोंडात आणलंही होतं, पण आधी क्रेनवाला बोलला, मग मिस्त्री बोलला, आणि ते वाक्य तसंच गिळलं गेलं.

रात्रीच्या आत साळूबाईच्या सगळं लक्षात आलं. तूप तिनंच दिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्याला आजच सांगा. उद्या जड जाईल." नाना म्हणाले, सांगतो. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि नानांना ते विचारण्यापेक्षा जास्त टोचलं.

उद्या खरंच जड गेलं. परवा त्याहून. करणचा उजवा हात दीड महिना प्लास्टरमध्ये. त्याच्या सदऱ्याची बटणं नाना लावायचे, भाकरी कुस्करून द्यायचे, दुकानात त्याच्याबरोबर बसायचे. आणि पोरगं बोलायला लागलं होतं. चाकणला काय काय सोसलं, परत का आला, गव्हाण फोडली तेव्हा आपल्यालाही कसं झालं होतं, सगळं. खरं सांगायचं तर नानांना ते दिवस आवडले. सात वर्षं ज्याची भूक होती ते ताटात पडलं होतं. ते कुणाच्या ताटातलं काढलेलं होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी ते जेवत होते. स्वतःची शिसारी यायची, आणि सकाळी पुन्हा बटणं लावायला तेच पुढं.

करणचं दुकान हायवेला. येणारा-जाणारा शेतकरी हात बघून विचारायचा, आणि करण प्रत्येकाला सांगायचा, बिभीषणाच्या ग्रीसच्या हाताची करणी. नाना शेजारी बसून ऐकायचे. एक-दोघांनी त्यांनाही विचारलं, तेव्हा त्यांनी नुसतं हूं केलं. लोक म्हणाले, ट्रॅक्टरवर बायका-पोरं बसतात, ब्रेकचं काम त्याच्याकडं नको. आधी ब्रेकचं काम गेलं, मग बाकीचंही. दसऱ्याला बिभीषणाच्या दारात एकही ट्रॅक्टर पूजेला उभा नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर नाना एकटेच स्टँडमागं गेले. आज सोक्षमोक्ष लावायचा असं ठरवूनच घरातून निघाले होते. बिभीषण पाने-पकडी पोत्यात भरत होता. ऊसतोडीच्या एका यंत्राबरोबर मिस्त्री म्हणून कर्नाटकात चाललो, म्हणाला, गॅरेज सोडलं. त्यानं नानांना स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. चहा आला, नाना त्यावर फुंकर घालत बसले.

मग बिभीषणच बोलला, पाने भरता भरता.

"चाकाच्या आतल्या अंगाला हळद हुती, नाना. माझ्या गॅरेजात हळद नसती."

नानांनी कप खाली ठेवला.

"मग तू बोलला का न्हाईस?"

"तुमी बापासारखे. चारचौघांत तुमचं नाव कसं घेऊ? मला वाटलं, तुमी सांगाल." त्यानं पोत्याचं तोंड बांधलं. "रोज वाटायचं, आज सांगतील. दोन महिने होत आले."

त्याच्या आवाजात राग असता तर नानांना बरं वाटलं असतं. राग नव्हता. दमलेला माणूस बोलतो तसं तो बोलत होता. नाना उठले आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगतो, तू जाऊ नको. बिभीषण म्हणाला, माझी गाडी पाचला हाय, बघा तुमच्यानं हुतं का.

घरापर्यंत नाना ते वाक्य घोकत आले. मीच तूप लावलं. तीन शब्द, त्यांना कितीसा वेळ लागणार? गोठ्यात करण उभा होता. लाल गाडी गेल्या आठवड्यातच सुट्या पार्टांच्या भावानं पुण्याला गेली होती. कोब्यावर तेलाचा डाग तेवढा उरला होता. भिंतीवरचं घड्याळ साडेचार दाखवत होतं.

"करण," नाना म्हणाले.

"बरं झालं आलात." करणचा चेहरा कधी नव्हे तो मोकळा होता. "नाना, आता मला गाडी नको. ज्याच्यावर भरवसा टाकावा त्योच असा निघाला, तर कुनासंगं करायचं ते काम? ह्या कोब्यात पुन्हा गव्हान बांधू. घोडेगावला जाऊ दोघं, जोडी तुमी निवडा. पुढल्या पोळ्याला खांदेमळनी आपल्या दारात."

नानांच्या तोंडात वाक्य होतं. स्टँडवर गाडी लागलेली असेल, हे त्यांना ठाऊक होतं. धावत गेलं तर दहा मिनिटांचा रस्ता.

"आनायची का जोडी?" करणनं विचारलं.

"आनू," नाना म्हणाले.