फुस्स, मग बीप

१.२०

"गोळ्या कुठायत?"

"पावाच्या डब्यात."

"पिस्तूल?"

"रिकामं. बघ की."

ड्वेन खुर्चीतून पुढं वाकायचा आणि नळीत करंगळी घालून खात्री करायचा. चौदा महिने रोज हेच. गॅरेजमधली गाडी कायमची बाहेर गेली होती, आणि समोरच्या भिंतीवर मार्लिसनं कागदाच्या पाच थाळ्या चिकटवल्या होत्या. चार छोट्या आणि एक लाल, शेवटची. मैदानावर या थाळ्या लोखंडाच्या असतात, लागली की टण्ण वाजते.

मार्लिस हात खांद्यांच्या वर धरून उभी राहायची. ड्वेनच्या हातात सेकंद मोजणारं यंत्र. एक बीप सुटायची, दुसरी बीप एक पूर्णांक वीसला. या दोन बीपांच्या मध्ये कमरेचं पिस्तूल बाहेर येऊन पहिल्या थाळीवर रिकाम्या चापाचं 'टक' व्हायला हवं. बास. पन्नास वेळा. मग कॉफी.

यंत्राला बीप आपोआप, अवचित देता येते. ड्वेनला ते मान्य नव्हतं. "यंत्राला काय अक्कल? बीप माणसानं द्यायची असते."

तीस वर्षं त्यानं धान्याचे ट्रक हाकले. आता फुप्फुसं थकली होती. खांद्याला प्राणवायूची पिशवी, नाकात नळी. उठून दोन पावलं टाकली की बसायचं. दिवसभरात त्याच्या वाट्याला एवढंच काम उरलं होतं, ही पन्नास बीपांची पाळी. त्यासाठी तो दाढी करून यायचा.

टक. बीप.

"जिंकलीस, म्हातारे."

रोज जिंकायची.

१.५०

मैदानावर मात्र हरायची.

गावाबाहेर जुन्या खडीच्या खाणीत महिन्यातून एकदा सामना भरे. पाच फेऱ्या, त्यातली सर्वांत वाईट टाकून द्यायची, उरलेल्या चारांच्या वेळांची बेरीज. सोळा सेकंदांच्या आत आली की 'ए' वर्ग. मार्लिस एकसष्ट वर्षांची. पोस्टात पत्रं वाटून निवृत्त झालेली. तिला आयुष्यात कोणी कशातही 'ए' दिला नव्हता. आणि तो ड्वेनच्या डोळ्यांदेखत हवा होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात त्याला हे उन्हात तासन्‌तास बसणं जमेलच असं नाही.

जूनला १७.२. जुलैला १७.०. ऑगस्टला १७.१.

"पहिल्याच गोळीला दीड सेकंद लावतेस," पंच हॉलिस म्हणाला. "बाकीच्या चार थाळ्या झकास घेतेस. बीप झाल्यावर जांभई देतेस की काय?"

"घरी तर एक वीसला जाते."

"घरी आमची सून पण फार छान गाते."

( )

मग प्राणवायू पुरवणाऱ्यानं ड्वेनची पिशवी दुरुस्तीला नेली आणि चार दिवसांसाठी मोठं नळकांडं दिलं. त्यातून हवा एकसारखी, गुपचूप वाहते.

बीप. दुसरी बीप. टक.

"हरलीस," ड्वेन चकित.

बीप. बीप. टक.

दहादा. दहाही वेळा. मार्लिसला वाटलं हातच गेले. अकराव्या वेळी ती डोळे मिटून उभी राहिली. काहीतरी कमी होतं. खोलीत काहीतरी वाजायचं ते वाजत नव्हतं.

पिशवी.

पिशवीवाल्यानं श्वास घेतला की ती 'फुस्स' करून हवा सोडते. आणि ड्वेन बटण दाबण्याआधी, पंचाच्या ऐटीत, दरवेळी छाती भरून श्वास घ्यायचा. फुस्स. मग बीप. चौदा महिने मार्लिसचा हात बीपवर सुटतच नव्हता. तो नवऱ्याच्या श्वासावर सुटत होता.

उपाय सोपा होता. यंत्राला अवचित बीप देऊ द्यायची. ड्वेनची गरज नाही.

तिनं त्याला सांगितलं नाही.

१.४६

पिशवी परत आली त्या दिवशी मार्लिस कानांवर मैदानातली जाड टोपणं चढवून उभी राहिली.

"हे काय?"

"शेजारचं कुत्रं भुंकतंय."

"ते कुत्रं इस्टरलाच मेलं, मार्लिस."

ड्वेननं यंत्र मांडीवर ठेवलं.

"फुस्सवर सुटतेस तू. मला मार्चपासून माहीत आहे."

"मार्चपासून? आणि तीन सामने मला घालवू दिलेस? गाढवा!"

"सांगणार होतो गं." तो नळीशी चाळा करत राहिला. "चाळीस वर्षांत माझं एक अक्षर तू ऐकलं नाहीस. म्हटलं, श्वास तरी ऐकतेय. ऐकू दे थोडे दिवस."

मार्लिसला चिडायचं होतं. ते नीट जमेना. तिनं टोपणं काढली आणि नाक पुसलं.

"आता काय करायचं? यंत्रावर टाकू?"

"खबरदार," ड्वेन म्हणाला. "उभी राहा. हात वर."

फुस्स.

तिचा हात झपकन पिस्तुलावर. बीप आलीच नाही.

"चोर!" ड्वेन खुर्चीतच उडाला. "पकडली!"

फुस्स. हात हलला. "चोर!" फुस्स, फुस्स. "चोर! चोर! पोस्टातली चोरटी!" हसता हसता त्याला खोकला आला, तिनं पाणी दिलं, त्यानं घोट घेता घेता बटण दाबलं. बीप! ती हातात पेला घेऊन उभी.

"हरलीस."

तीन आठवडे. चार खोटे श्वास, एक बीप. कधी सात श्वास. कधी श्वासाशिवायच बीप. दुसरी बीप त्यानं एक सेहेचाळीसवर नेली, मग चाळीस, पस्तीस, तीस. रोज एक पाऊल मागं आणि दीड पुढं.

____

सप्टेंबर. वर्षातला शेवटचा सामना. खाणीत मक्याच्या शेतांवरून आलेली धूळ. ड्वेन घडीच्या खुर्चीत, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचा डबा, मार्लिसच्या मागं वीस पावलांवर. तिच्या कानांवर टोपणं.

चार फेऱ्या झाल्या. एक फसली होती, ४.९०. उरलेल्या तीन मिळून ११.९४. शेवटच्या फेरीत चार पूर्णांक शून्य सहाच्या आत जायचं.

"तयार?" हॉलिस. "सावध."

टोपणांच्या आत फक्त स्वतःच्या रक्ताचा आवाज. ती कशाचीच वाट पाहत नव्हती.

बीप.

टण्ण टण्ण टण्ण टण्ण. टण्ण.

"रिकामं कर. दाखव." तिनं गोळ्या काढल्या, दाखवलं, पिस्तूल म्यानात घातलं, तेव्हा कुठं वळून पाहिलं.

ड्वेन खुर्चीत ताठ, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा जांभळट. ती धावली, टोपणं उपटली.

"काय झालं? ड्वेन!"

त्यानं मान हलवली. तोंडावर हात. तेव्हा तिला कळलं. हा शहाणा तिच्या पाचव्या फेरीभर श्वास धरून बसला होता. चुकून वाजू नये म्हणून. वीस पावलांवरून, टोपणांमधून.

"अरे मूर्खा, श्वास घे! आधी श्वास घे!"

"मार्लिस," मागून हॉलिस, "वेळ ऐकायचीय का तुला?"

"थांब रे!"

हॉलिस थांबला. रांगेतली सगळी माणसं थांबली. तिनं ड्वेनची हनुवटी धरली.

फुस्स.

मग आणखी एकदा. फुस्स. गालांवर रंग परतला.

"हं," मार्लिस म्हणाली, हनुवटी न सोडता. "आता सांग, हॉलिस."

"तीन पूर्णांक एक्क्याऐंशी. बेरीज पंधरा पूर्णांक पंचाहत्तर. 'ए' वर्ग."

"पहिली गोळी?" ड्वेननं धापा टाकत विचारलं.

"एक सव्वीस."

"वीस नाही," ड्वेन म्हणाला. "उद्या आठला गॅरेजमध्ये."